कांबळ्याखालचा मार

पाटोद्याच्या स्टँडसमोर, नव्यानं निघालेल्या एसटीडी बूथशेजारच्या हॉटेलात तो माझ्या बाकावर येऊन बसला. सिरसाळ्याचा होता. बोलता बोलता कळलं, आम्ही दोघंही हवाई दलातून निवृत्त झालेले. मग सर्व्हिस नंबर काढले. त्याचा नंबर माझ्यानंतर अकरावा निघाला. म्हणजे भरती एकदमच झालेली.

"मंग ते कांबळ्याचं तुमाला ठावं असंल," तो म्हणाला.

मला ठाऊक होतं. ट्रेनिंगमध्ये परेडला एका पोराच्या हातून रायफल पडली आणि सगळ्या बॅरेकला शिक्षा झाली. त्या रविवारी भर दुपारी त्याच्या अंगावर कांबळं टाकून आम्ही त्याला पट्ट्यांनी झोडपला, बुटांनी तुडवला होता.

"कांबळ्याखालचा तो मीच. दोन बरगड्या मोडल्या. तोंडं दिसली न्हाईत कुणाची. छातीवरचा बूट तेवढा याद हाय."

"बूट माझा होता," मी म्हणालो.

त्यानं हातातला काचेचा ग्लास माझ्या कपाळावर फोडला. मी खाली पडलो, तशी छातीवर लाथ बसली. मी हात उचलला नाही. लोकांनी त्याला मागं ओढला.

"कामून मारलं बे?" तो ओरडला. त्याचे डोळे भरले होते.

"मागं राहिलो असतो तर मलाही मारलं असतं. भ्यालो होतो."

तो थुंकला आणि परळीच्या गाडीकडे निघून गेला. सरकारी दवाखान्यात मला पाच टाके पडले. बायकोला मी सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं.