शनिवारचा युरोप

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्या दोघांनी मला 'युरोपला चल' असं एकदासुद्धा म्हटलं नाही. चार वर्षं दर शनिवारी माझ्या हातच्या शेवया खाल्ल्या, माझ्याच पेनांनी नकाशे रंगवले, भांडण पेटलं की "बी चू, तूच सांग" म्हणून मलाच मध्ये ओढलं. पण चल म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. असो. मला विमानात कान दुखतात.

ग्वात इम माझ्या शेजारची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आची म्हणते, म्हणजे ताई. आमच्या बेटावर जेलुटोंगच्या बाजारात चाळीस वर्षं ती पोपियाच्या, म्हणजे भाजी भरून गुंडाळायच्या, पोळ्या करते. ओल्या पिठाचा गोळा हातात नाचवत ठेवायचा, तापलेल्या तव्यावर एक फेरा ओढायचा आणि लगेच उचलायचा. मागे राहतो तो पापुद्रा सोलून घ्यायचा. खाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता येईल इतका पातळ. पहाटेपासून अकरा वाजेपर्यंत तीन तवे. उजव्या हाताची बोटं भाजून भाजून अशी गुळगुळीत झालीत की पासपोर्टच्या कचेरीत यंत्रावर ठसाच उमटेना. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, हात धुऊन या." आची म्हणाली, "चाळीस वर्षं धुतेच आहे, बाबा."

तिचं लग्न झालं नाही. एकदा ठरत आलं होतं, पण घोडं आईपाशी अडलं. आई अंथरुणाला खिळली ती अकरा वर्षं. धाकटा भाऊ तेक लिओंग तेव्हा खाली जोहोरला, सरकारी मोजणी खात्यात. नववर्षाला यायचा, बायकोमुलाला घेऊन, हातात संत्री. दहा मिनिटं बसायचा, घड्याळ बघायचा. आची चहा करायला आत गेली की बाहेर येईपर्यंत हा चपला घालून उभा. मी एकदा तोंडावर म्हटलं होतं, "तेक, ही तुझी बहीण आहे की पोस्टाची खिडकी?" त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण लहानपणी मी त्याला गटारातून ओढून काढलंय, मला तो काय बोलणार?

मग त्याची बायको वारली, वर्षाने आई गेली, आणि तो निवृत्त होऊन समुद्रापलीकडे बटरवर्थला राहायला आला. बोटीने वीस मिनिटं. तरी येणं दहा मिनिटांचंच. दोघं बसायची, पंखा फिरायचा. "जेवलास?" "जेवलो." "पोरगा काय म्हणतो?" "पर्थला बरा आहे." संपलं. तीस वर्षं न बोललेली माणसं एकदम काय बोलणार?

त्यांना बोलतं केलं ते भिंतीने. स्वयंपाकघराची लाकडी भिंत वाळवीने खाल्ली म्हणून एका शनिवारी तेक फळी काढायला आला, आणि फळीच्या आतल्या बाजूला निघालं चौऱ्याहत्तर सालचं कॅलेंडर. चिनी औषधाच्या दुकानाने फुकट वाटलेलं, आईने फटींवर चिकटवलेलं. बारा महिने, बारा चित्रं, सगळी युरोपातली. नदीवरचा पूल, घड्याळाचा मनोरा, बर्फाचे डोंगर, आणि जूनच्या पानावर एक तळं, काठाला हिरवा बाक, बाकाशेजारी नुकतं लावलेलं कोवळं झाड. आची तेव्हा अकराची, हा सातचा. दोघं त्या कॅलेंडरपुढे बसून ठरवायची, जानेवारीत राहायचं की ऑगस्टात.

"जूनमध्ये," आची म्हणाली. "आपण जूनमध्ये राहणार होतो. तू बाकाच्या ह्या बाजूला."

"नाही, ह्या. त्या बाजूला ऊन आहे, तू मला उन्हात बसवायचीस," तेक म्हणाला, आणि त्या दिवशी त्याची पाचची बोट चुकली, सातची चुकली. भिंतीपलीकडून मी ऐकत होते. इतका वेळ ह्या घरात माणसांचा आवाज मी कैक वर्षांत ऐकला नव्हता.

झालं. तेव्हापासून दर शनिवारी युरोप. तो नकाशे घेऊन यायचा, चित्रं फोनवर ताडून बघायचा. हा पूल प्रागचा. हा मनोरा बर्नचा. हे देऊळ व्हिएन्नाचं. मोजणी खात्यातला माणूस, चौदा दिवसांत आठ शहरं बसवायचा. गाडी सुटणार नऊ वाजून बारा मिनिटांनी, पोचणार अकरा चाळीसला, पूल बघायला पन्नास मिनिटं.

"पन्नास मिनिटांत माझे गुडघे सरळ होत नाहीत," आची म्हणायची. "पूल काय पळून जातोय?"

"पूल नाही, गाडी पळून जाते."

"मग पुढची घेऊ. बी चू, तूच सांग, माणूस तिथे बसायला जातो की पळायला?"

मी म्हणायचे, "मला काय विचारता? मी तर जेलुटोंगलाच आहे." दोघं न ऐकल्यासारखं करायची.

बरं, जायचं कधी? युरोपातला खरा उन्हाळा ऑगस्टचा, आणि ऑगस्ट म्हणजे आमच्या चिनी पंचांगाचा सातवा महिना. भुतंखेतं मोकाट, आणि हिने घर सोडून विमानात बसायचं? शहाण्या माणसाचं काम नाही. म्हणून जून. आणि जूनला जायचं तर एप्रिलमध्ये, आईच्या तिथीला, आईला विचारायचं.

आमच्यात तसंच असतं. तिथीला पितरांच्या टेबलावर पान मांडायचं, उदबत्ती लावायची, आणि आईचं जेवण झालं की दोन नाणी टाकायची. एक छापा, एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखी पडली तर नाही. आचीकडे राणीचं डोकं असलेली जुनी दोन नाणी आहेत, आईचीच. आणि त्यांच्या घरची रीत कडक: एक प्रश्न वर्षातून एकदाच. आई म्हणायची, मेलेल्या माणसाला सारखं हाका मारून उठवू नये. नाही आलं की पुढच्या एप्रिलपर्यंत गप्प.

पहिल्या वर्षी मी मागे ताट धरून उभी होते. कोंबडी, कंदाची भाजी, पोपिया, चहा. आचीने नाणी ओंजळीत हलवली, "आई, तेकबरोबर जाऊ का?" म्हणाली आणि टाकली. मी सरळ बघितलं. एक राणी वर, एक राणी खाली. छापा-काटा, स्वच्छ. आणि आचीने पटकन त्यावर पंजा ठेवला, नाणी उचलली, म्हणाली, "नाही म्हणाली."

तेकने उदबत्तीकडे बघत मान हलवली. "बरं. पुढच्या वर्षी," म्हणाला. नकाशाची घडी घातली, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उलगडली.

मी आठवडाभर फणफणत होते. आईच्या फोटोसमोर खोटं! बाजारात तिला गाठून म्हटलंही, "आची, तुझी नजर कमजोर झालीय का?" तिने तव्यावरून हात उचलला नाही. "पिठाकडे बघू दे," म्हणाली. मला वाटलं, विमानाला भीत असेल.

दुसऱ्या वर्षी खरंच दोन्ही राण्या वर पडल्या. खोटं बोलावं लागलं नाही, तर बाई त्या दिवशी दोन वाट्या भात जास्त जेवली.

तिसऱ्या वर्षी पुन्हा छापा-काटा, पुन्हा पंजा, पुन्हा "नाही म्हणाली." आणि तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला होता. कारण जूनच्या त्या तळ्याचंही तसंच चाललं होतं. तेक दर महिन्याला नवं तळं शोधून आणायचा. "आची, हे बघ, थुनचं तळं. डोंगर जुळतो, बाक जुळतो." ती चष्मा लावायची, चित्राजवळ नेऊन फोन धरायची, आणि म्हणायची, "नव्हे. ह्यातलं पाणी वेगळं आहे." पाणी वेगळं! पाण्याला काय तोंड असतं? तेक कपाळाला हात लावायचा आणि पुढच्या शनिवारी दुसरं तळं आणायचा.

शुक्रवारी संध्याकाळपासून ती केस धुऊन, टेबल पुसून बसायची. शनिवारी बोटीच्या वेळेला दार उघडं. तो आला की आधी ओरडायची, "उशीर!" वेळेवर आला तरी. मला तेव्हा कळलं, हिला विमानाची भीती नव्हती. हिला परत येण्याची भीती होती. चौदा दिवस जायचं, आठ पूल बघायचे, घरी यायचं, आणि पुन्हा पंखा फिरणार आणि तो विचारणार, "जेवलीस?" आईला नको म्हणायला लावून ती दरवर्षी बावन्न शनिवार मागून घेत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

ह्या वर्षी मात्र फेब्रुवारीत तेक आला तो नकाशा न काढता बसला. पर्थच्या पोराने कागदपत्रं केली होती. "सप्टेंबरात जातोय," तो म्हणाला. "कायमचा. तो ऐकतच नाही, म्हणतो एकटे राहू नका."

आचीने त्याच्यापुढे शेवया सरकवल्या. "बरं आहे," म्हणाली. "पोराजवळ असावं माणसाने." मग बराच वेळ ती पुसलेलं टेबल पुसत राहिली.

आता जूनला गेलो नाही तर कधीच नाही, हे तिघांनाही कळत होतं. एप्रिलात तिथीला मी पुन्हा ताट धरून मागे. ह्या वेळी आचीने नाणी आधी कपाळाला लावली. "आई," ती म्हणाली, "ह्या वर्षी जाऊ दे." प्रश्न नव्हताच तो. नाणी टाकली. एक थांबलं, दुसरं गिरकी घेत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि पडलं.

दोन्ही काटे.

आची बघतच राहिली. पंजा पुढे आला नाही. खोटं बोलायची सवय असलेली बाई, पण आपल्या बाजूचं खोटं तिला बोलता येईना.

तेक पुढे झाला आणि त्याने नाण्यांवर पंजा ठेवला. "हो म्हणाली," तो म्हणाला.

"आईसमोर खोटं बोलू नकोस, तेक."

"तू बोललेलं चालतं वाटतं?" तो म्हणाला. "पहिल्या वर्षी छापा-काटा होता, आची. गेल्या वर्षी पण. आईच्या फोटोच्या काचेत दिसतं सगळं."

आचीने माझ्याकडे बघितलं. मी ताटातल्या कोंबडीकडे बघितलं.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

तेक चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. "बोललो असतो तर जाऊन आलो असतो. मग मी दर शनिवारी कुठल्या तोंडाने आलो असतो? तीस वर्षं धड आलो नाही. नुसतं तुला भेटायला आलो म्हणायची मला लाज वाटायची."

"मुडद्या," आची म्हणाली, आणि खाली बसून रडली. आई गेली तेव्हाही मी तिला अशी रडताना बघितलं नव्हतं.

तेकने आईच्या पेल्यात ताजा चहा ओतला, दोन्ही हातांनी पुढे ठेवला. "आई, तू तिला अकरा वर्षं ठेवून घेतलंस. आता चौदा दिवस मी नेतोय. विचारत नाही, सांगतोय. रागवायचं तर माझ्यावर रागव."

जूनमध्ये गेली दोघं. पितरांच्या टेबलाची किल्ली माझ्याकडे. आईला रोज चहा मी दिला, तिची समजूतही मीच काढली. बाजारात लोक विचारत, पोपियावाली कुठे? मी सांगायचे, पूल बघायला. आठ शहरांची चार झाली होती, कारण शेवटी आचीने आपलंच खरं केलं. आणि तेकच्या यादीत शेवटचं नाव थुनचं.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मी आईची उदबत्ती लावत होते तर फोन आला. तिकडे दुपार होती. आधी एक फोटो आला, मग आचीचा आवाज, शेजारच्या खोलीतून यावा तितका स्पष्ट.

"बी चू, आम्ही तळ्यावर बसलोय. फोटो बघ, आणि जूनच्या पानाशेजारी धर."

मी स्वयंपाकघरात गेले. तेकने ती फळी काचेत घालून भिंतीवर लावलीय. मी फोटो चित्राशेजारी धरला. डोंगराची तीच खाच. काठ तोच. हिरवा बाक नवा रंग देऊन तिथेच. त्याच्यावर दोघं, आची उन्हाच्या बाजूला. आणि बाकाशेजारचं कोवळं झाड, आता एवढं थोरलं झालेलं की त्याची फांदी दोघांच्याही डोक्यावरून पुढे आली होती.

"दिसलं ना?" आची म्हणाली. "मी तेकला सांगतेय, हे ते तळं नव्हेच. पाणी वेगळं आहे. पुन्हा शोधावं लागणार."

मागून तेकचा आवाज आला, "मला पण तसंच वाटतंय. डोंगर जुळत नाही. पर्थहून दर शनिवारी फोनवर बसावं लागणार बहुतेक. बी चू, तूच सांग."

माझ्या डोळ्यांपुढे तळं, बाक, झाड सगळं एक झालं होतं. आईचा फोटो माझ्याकडेच बघत होता. मी नाक पुसलं.

"नाहीच मुळी," मी म्हटलं. "हे तळं नव्हे, आची. कुणीही सांगेल."