खिळ्यावरची चाबी

दसऱ्याच्या तोंडावर बाजारात झेंडूचे ढीग लागले, की त्या उग्र वासाबरोबर मला आफ्रिकेतून आलेली एक गुरांची डॉक्टरीण आठवते. रोगजंतू अतिरेक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून ते कसे सांभाळायचे, हे आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत मी तिच्यासारख्या पाहुण्यांना शिकवत असे. ती प्रयोगशाळेत आली, त्या दिवशी खंडेनवमी होती. आम्ही सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू वाहिलं, गुरांच्या काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू ठेवलेल्या फ्रीजरलाही हार घातला आणि प्रसादाला येणाऱ्यांसाठी सगळी दारं सताड उघडी ठेवली. फ्रीजरची चाबी नेहमीसारखी शेजारच्या खिळ्यावर लटकत होती. पाहुणी त्या चाबीकडे बघतच राहिली. पेढे वाटणारा माझा सहकारी हसून मला म्हणाला, “सांग ना गा तिले, हे मराचं सामान कोन चोरून नेते?” मी ते तिला इंग्रजीत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “आम्हीही असंच म्हणायचो. मग बंदूकवाले आले आणि अख्खा फ्रीजरच उचलून घेऊन गेले. त्यांना थंड पाणी हवं होतं की आतलं काही, ते अजून कळलेलं नाही. आता गावात एखादी गाय अचानक मेली, की आम्हाला आधी तो फ्रीजर आठवतो.” मग तिनं खिळ्यावरची चाबी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवून दोन्ही हातांनी धरून ठेवली. बाहेर आरती सुरू झाली, तरी सोडली नाही. मला निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. ती चाबी कुणाकडे असते, ठाऊक नाही. पण झेंडूचा वास आला, की माझी रिकामी मूठ आपोआप आवळली जाते.