धुळीपलीकडच्या दोन दीर्घिका

माझा नवरा एका खाजगी कंपनीत हिशेब बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी आकाशाचे फोटो काढायचा. आम्ही विरारला राहायचो. आमच्या गच्चीवरून चंद्राखेरीज काही नीट मिळायचं नाही, म्हणून सुरुवातीला तो उमेळ्याला, मित्राच्या वाडीत दुर्बीण लावायचा. तिथेही इमारती आल्या, दिवे आले. मग आम्ही जव्हारच्या बाजूला जायला लागलो.

सप्तर्षींच्या जवळ दोन दीर्घिका आहेत. दोन हिवाळे तो त्यांच्यामागे होता. एकट्या फोटोत नुसती खरखर दिसते. असे पुष्कळ फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवले की खरखर विरते आणि जे खरंच तिथं आहे ते वर येतं. हे काम त्यानं मला शिकवलं, कारण दुसऱ्या हिवाळ्यानंतर त्याला कॅन्सर निघाला आणि केमोनं त्याची बोटं बधिर झाली. माउस धरवत नव्हता.

दुपारी पडदे ओढून मी कॉम्प्युटरसमोर बसायचे, तो मागे पलंगावर. एकदा फोटोतला अंधारा भाग मी जरा जास्तच उजळला, तर दीर्घिकांभोवती राखाडी ओघळ दिसले.

"कॅमेऱ्यावर काहीतरी चिकटलंय. पुसून टाकते," मी म्हणाले.

"थांब. दोन्ही वर्षांचे वेगवेगळे लाव."

दुसऱ्या वर्षी कॅमेरा आडवा बसवला होता. कॅमेऱ्यावरचा डाग असता तर तो ताऱ्यांना सोडून दुसरीकडे गेला असता. ओघळ त्याच ताऱ्यांपाशी होते.

तो कोपरावर उठून बसला. "धूळ आहे ती. आपल्या आकाशगंगेतली. दीर्घिका तिच्या कितीतरी मागे आहेत. आपण धुळीतून बघतोय." आजारपणात त्याचा आवाज इतका मोठा मी ऐकला नव्हता. मग तो दमला आणि आडवा झाला. "अजून फोटो लागतील," म्हणाला. "तू जा."

"तुला सोडून?"

"आई आहे ना."

मी गेले. त्याच्या ऑफिसातला एक सहकारी आणि त्या सहकाऱ्याची बायको सोबत होते. दुर्बीण मी लावली, ध्रुव शोधून तिचा रोख जुळवला. सकाळी घरी आले तेव्हा तो जागाच होता.

"दव पडलं?"

"पडलं. काच पुसत राहिले."

"दाखव." पण त्याचे डोळे मिटत होते. "उद्या बघू," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याला ताप चढला, हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिथून तो परत आला नाही.

ते फोटो मी पावसाळा संपेपर्यंत उघडले नाहीत. उघडले तेव्हा सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. याआधी त्या कधी या खोलीत बसल्या नव्हत्या. जुन्या फोटोंत नवे मिसळले, आणि धूळ धुरासारखी मऊ पसरत गेली, तिच्यामागे दोन्ही दीर्घिका.

"त्यानं बघितलं होतं हे?" त्यांनी विचारलं.

"एवढं नाही, आई."

त्या पदर तोंडाशी धरून बसल्या. उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता. मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"एवढ्यात बंद करू नकोस," त्या म्हणाल्या.