खिडकीकडची बाजू

सणसरच्या पुढे, उसाच्या शेतांमधल्या एका हायस्कुलात मी नव्वदच्या दशकात भूगोल शिकवत होतो. शाळेला देणगीत दोन संगणक मिळाले होते. ते कुलूपबंद खोलीत मखमली कापडाखाली असत. मुलांनी दाराशी चपला काढून ते पाहायचे आणि परतायचे. ते रोजच्या अभ्यासात यावेत, म्हणून पुष्कळ आर्जवे करून मी ते आठवीच्या वर्गात आणवले.

विजेचा बोर्ड खिडकीकडच्या भिंतीवर होता, आणि जमिनीवरून वायर न्यायला मुख्याध्यापकांची मनाई होती. म्हणून बाक सरकवून मी त्याच भिंतीलगत टेबले मांडली. खिडकीकडे मुलगे बसत, दाराकडे मुली. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली होती, की मांडणी करताना ती मला दिसलीच नाही.

दर आठवड्याला घरच्या विहिरीचे पाणी मोजायचे आणि संगणकावर त्याचा आलेख काढायचा, असे मी ठरवले. दोरीला दगड बांधून मोजत बहुतेक मुलीच, कारण पाण्याला त्याच जात. आकडे संगणकात भरत मुलगे. महिनाभर मी त्या आलेखांवर खूश होतो.

मग एके दिवशी एक मुलगी उठून उभी राहिली. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरे होती, आता शेती होती.

"सर, पाणी आमी मोजायचं आन् बटनं ह्यांनीच दाबायची व्हय?"

"तुला दोरी हाय की," पलीकडून एक मुलगा म्हणाला.

"दोरी तुला देती. ये उद्या हिरीवर."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि म्हणालो, "मग ये ना इकडे. कोणी अडवले आहे?"

तिने दोन्ही रांगांमधल्या मोकळ्या जागेकडे पाहिले. "तिकडं कसं यायचं, सर?" एवढेच म्हणून ती बसली.

संध्याकाळी मी मुख्याध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, "मुलगे-मुली एका टेबलाशी बसवलेत, तर उद्या पालक माझ्या दारात येतील. हवी तर बाजू बदला." मी लगेच मान डोलावली. यंत्रांसाठी महिनोन्‌महिने भांडणाऱ्या माझ्याकडे या गोष्टीसाठी एक वाक्यही नव्हते. बाजू दर सोमवारी बदलायची, असे ठरले.

पहिल्या सोमवारी मुली खिडकीकडे गेल्या आणि मुलगे दाराशी तसेच उभे राहिले.

"पोरींच्या बाकावर बसायचं?"

"बस की," कोणी मुलगी म्हणाली, "चावत न्हाय त्यो."

ते कुरकुरत बसले. उठून प्रश्न विचारणारी ती मुलगी संगणकासमोर बसली. तिला विहिरीचे नाव लिहायचे होते. एक बोट हवेत धरून ती अक्षर शोधू लागली. बराच वेळ गेला. मागून एक मुलगा अधीरपणे म्हणाला, "खालच्या वळीत, उजवीकडं."

"सांगू नगं," ती मान न वळवता म्हणाली.

मी तिच्या मागे उभा होतो. अक्षर मला दिसत होते, आणि माझा हात नकळत पुढे झाला होता. तो मी मागे घेतला आणि फळ्यापाशी जाऊन थांबलो.