दिलावरची तिरकी अक्षरं

दिलावर माझ्या तासगावच्या छापखान्यात कुस्तीच्या जाहिरातींची लाकडी अक्षरं कोरायचा. प्रत्येक रेघ सारखीच जाड, टोकाला ना नखरा ना वेलबुट्टी, आणि अख्खं अक्षर उजवीकडं कललेलं, झोंबायला वाकलेल्या पैलवानासारखं. धावत्या बैलगाडीतून वाचून घ्या! पण हा मान सगळ्यांना नव्हता. आमच्याकडं रिवाजच होता, मैदानातल्या सगळ्यात मोठ्या पैलवानाचंच नाव त्या तिरक्या ठशात. बाकीचे सरळ, बारीक. अक्षरशत्रू बायासुद्धा नुसता कल बघून म्हणायच्या, "ह्यो थोरला गडी."

त्रेचाळीस साली फौजदार छापखान्यात आला. आमच्या भागातला जोतिबा सरकारविरुद्ध उठून फरारी झाला होता. त्याला धरून द्या, असा जाहीरनामा छापायचा होता. भिंतीवरच्या कुस्तीच्या जाहिरातीवर छडी मारून म्हणाला, "नाव असंच पाहिजे. लांबून दिसलं पाहिजे."

तेवढी मोठी अक्षरं दिलावरलाच नवी कोरावी लागणार होती. नाही म्हणावं तर तुरुंग, हो म्हणावं तर गाव फितूर म्हणणार. आणि फितुराचे तळपाय जोतिबाची माणसं कशी सुजवतात, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दिलावरनं पटाशी उचलली.

बातमी फुटलीच. त्याची बायको साबेरा आडावर गेली की बाया घागरी उचलून बाजूला सरकायच्या. आणि मी? कशाला खोटं बोलू, मलाही वाटलं, ह्याला फौजदारानं फोडला. दिलावर तर मी दिलेला चहासुद्धा विषाच्या भीतीनं आधी हुंगून प्यायचा. असले ते दिवस, मेले!

बाजारच्या दिवशी जाहीरनामा चावडीवर लागला. भाजीवाली अंबूबाई खाली थबकली, कुणीतरी नाव वाचून दाखवलं तशी ओरडली, "आगं बया! आपल्या जोतिबाची कुस्ती लागली की! मैदान कवा हाय?" तिनं नावाला कुंकूच लावलं. वाचता येणारे पोट धरून हसले, मग त्यांनीही नारळ फोडले. दुपारपर्यंत गावोगावच्या जाहीरनाम्यांना हार पडले. सरकारनंच जोतिबाला थोरला गडी केला म्हणे!

फौजदार पिसाळला. दिलावरला चौकीत नेऊन बेदम मारला, पण तसलं नाव त्यानं स्वतःच मागितलेलं, म्हणून सोडला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. "फौजदाराला धोबीपछाड मारली रं गड्यानं!" जोतिबानं कुणाकरवी त्याच्यासाठी फेटा पाठवला.

तो फेटा घेऊन मी आत गेलो. दिलावर सुजलेल्या तोंडानं ठोकळ्यांपाशी बसला होता.

"लेका, लय पोचलेला हायस! मलाबी पत्ता लागू दिला न्हाईस."

"आप्पासो, म्या काय बी केलं न्हाई," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. "लय भ्यालो हुतो. जोतिबा घावला तर त्येची माणसं पांगतील, माझी पोरं वाचतील, येवढंच डोक्यात. त्येचं नाव लांबनं दिसावं म्हणून जीव लावून कोरलं. रिवाज ध्यानातच न्हाई आला."

फौजदार डोक्यावर उभा असताना माझ्या तरी कुठं आला होता! जन्मभर मी कुणावर विश्वास ठेवला नाही, पण ह्याचं एक अक्षरही मला खोटं वाटलं नाही.

बाहेर हलगी कडाडत होती. "दिलावर, फेटा बांधून भाईर ये!"

"सांगू त्यास्नी?" त्यानं विचारलं.

"गप बस. पोरं हायत तुला."

मीच त्याच्या डोक्याला फेटा बांधला. त्याची मान काही वर होईना.