नळीवरचं 'नॉर्मल'

चाचीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावत होते. "तुहे चाचा गेले, बेटा," एवढंच त्या बोलल्या. हातातल्या चिठ्ठीवर काय लिहायचं होतं, ते मला बराच वेळ आठवेना...

हनीफचाचा अकोल्यात एका लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. जन्मभर लोकांना सुया टोचल्या, पण त्यांच्या नावानं कुणी बोटं मोडली नाहीत. रक्त घ्यायला मी त्यांच्याकडेच शिकले. पुढे रसायनशास्त्राची प्राध्यापक झाले आणि एक खूळ डोक्यात घेतलं: थेंबभर रक्तातून स्मृतिभ्रंशाची चाहूल देणारी स्वस्त पट्टी करायची. त्या आजाराशी निगडित प्रथिन रक्तात असलं, की ते पट्टीला चिकटतं आणि तिच्यातला विजेचा प्रवाह बदलतो; तो मशीनवर मोजायचा. ती नापिकीची वर्षं होती. पातूरकडच्या खेड्यात एखादा म्हातारा घरची वाट चुकला, तरी लोक म्हणत, चिंतेनं डोकं काम करत नाही. तपासायला कोण नेणार?

ताडून बघायला निरोगी रक्त हवं होतं. चाचांना तर जुन्या पेशंटांचे रक्तगटसुद्धा तोंडपाठ. यांच्याइतकं शाबूत डोकं अख्ख्या वऱ्हाडात कुणाचं? मी त्यांचंच रक्त प्रमाण धरलं. दर महिन्याला ते सकाळच्या गाडीनं येत, माझ्या सुईला नावं ठेवत आणि नळीवर स्वतः 'नॉर्मल' लिहीत.

आणि पट्टी काही केल्या जमेना. चाचांच्याच रक्तात ते प्रथिन जास्त दाखवी. वर्षभर मी पट्टीला शिव्या घातल्या, रसायनं बदलली. मग शंका आली, ती मी गिळली. अर्धवट पट्टीच्या भरवशावर गुरूला कोणत्या तोंडानं सांगायचं?

एकदा तेच माझी वही चाळत बसले. चष्मा काढून म्हणाले, "मशीनले काहून दोष देऊन राहिली? ते बरोबर सांगून राहिलं. नमुनाच तू चुकीचा घेतला."

मला रडू फुटलं.

"रडतं काहून? मी कालच आपली गल्ली चुकलो. चाचीले नाही सांगतलं अजून... चाल, घे रक्त."

त्या दिवशी त्यांनी 'नॉर्मल' खोडून नळीवर 'हनीफ' लिहिलं.

डॉक्टरांनीही पुढे तेच निदान केलं. चाचांनी येणं मात्र सोडलं नाही. "आता तं खरा कामाचा झालो," म्हणत. माझी पट्टी आज थोडीफार भरवशाची झाली, ती त्यांच्या दर महिन्याच्या रक्तामुळे. हे उपकार मी कुठे फेडू? फेडायचेही नाहीत मला.

शेवटच्या वर्षी मीच अकोल्याला जाई. माझं नाव त्यांना आठवत नसे. पण दंडाला बांधायचा रबरी पट्टा दिसला, की बाही वर सरके. सुई काढून मी कापूस ठेवला की दटावत, "दाबून धर. लवकर सोडू नको."

फ्रीजरमध्ये त्यांच्या नळ्या ओळीनं आहेत. 'हनीफ'चं अक्षर महिन्यागणिक वाकडं होत गेलंय. शेवटच्या नळीच्या वेळी त्यांना स्वतःचं नाव सुचेना. पेन हातात धरून बराच वेळ बसले, आणि मग जुन्या सवयीनं लिहिलं, 'नॉर्मल'.

ते मी खोडलेलं नाही.