साहेबांसाठी काळी डाळ

आमच्या ह्यांची नोकरी कायम होणार की नाही, हे एका शनिवारी माझ्या पातेल्यातल्या डाळीवर येऊन ठेपलं. ती डाळ मी जन्मात कधी केली नव्हती. केली नव्हती कशाला, पाहिलीसुद्धा नव्हती!

याला जबाबदार माझं तोंड. ह्यांच्या चिकलठाण्याच्या कारखान्यात दसऱ्याला मशीनची पूजा असायची आणि बायका-पोरांनाही बोलावणं असायचं. तिथं ह्यांचे पंजाबी साहेब हातात पेढा धरून उदास उभे होते. ह्यांना म्हणत होते, ‘यहाँ सब मिलता है. बस, वो काली दाल नहीं मिलती. मलाईवाली. घर जैसी.’

मला कुणी विचारलं होतं? पण मी मध्येच म्हणाले, ‘उसमें क्या है साब! मैं तो घर में हमेशा बनाती!’ (आमच्या औरंगाबादी हिंदीत ‘हूँ’ला फारशी किंमत नाही.) ह्यांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. मी दुसरा पेढा घेतला.

ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद. माणसं आपल्या मानासाठी रस्त्यावर उतरलेली, आणि माझी लढाई चालली होती डाळीशी. सांगायलाही लाज वाटते. तर त्या शनिवारी शहर कडकडीत बंद. साहेबांची खानावळही बंद. हे पहिल्या पाळीवरून आले ते दारातूनच ओरडत.

‘शोभा! साहेब संध्याकाळी जेवायला येतायत! तुझ्या हातची काळी डाळ खायला!’

‘आज?’

‘आज! आणि सोमवारी ठरवणार आहेत, आमच्यातलं कुणाला कायम करायचं अन् कुणाला घरी पाठवायचं. तुला येते ना गं ती डाळ?’

‘तुम्ही खाल्लीय ना जालना रोडच्या ढाब्यावर? सांगा, कशी असते?’

ह्यांनी डोळे मिटून आठवलं. ‘काळी असते. वर पांढरं असतं. लागते लई भारी.’

एवढी पाककृती घेऊन मी स्वयंपाकघरात शिरले.

पांढऱ्याची सोय सासूबाईंनी केली. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. कन्नडकडच्या. सगळी हयात शेरडं-मेंढरं राखण्यात गेलेली, त्यामुळं दूध-साय म्हटलं की त्यांना हुरूप यायचा. ‘हितं चिकलठाण्यात माझ्या वळखीच्या एकीची म्हैस हाय. साय मी आणते, तू बाकीचं बघ,’ म्हणून तांब्या घेऊन त्या गेल्यासुद्धा.

राहिलं काळं! घरात होती फक्त पापडाची पांढरी डाळ, आणि दुकानं तर सगळी बंद. मी एकूण एक डबा धुंडाळला. शेवटी वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीमागं एक फडक्याचं गाठोडं सापडलं. सोडून बघते तर अख्खे काळे उडीद! चांगले टपोरे!

‘व्वा, आत्याबाई!’ मी मनात म्हटलं. पुढच्या आठवड्यात माझी नणंद येणार होती ना! सुनेची नजर चुकवून लेकीसाठी दडवलेत होय? मला असा संताप आला, की मी मूठभरसुद्धा मागं ठेवले नाहीत. सगळे कुकरात!

भिजवायला वेळ नव्हता. कुकर शिट्ट्या मारून दमला, मी स्टोव्हला पंप मारून दमले, पण उडीद काही नमेनात. मग बसले रवीनं घोटत. घाम डोळ्यांत जाईपर्यंत घोटलं, तेव्हा कुठं त्यांनी हार मानली. कांदा, टोमॅटो, आलं, लसूण, सगळं घातलं, तरी डाळ पातळच. मग आम्ही लग्नाच्या आमटीत घालतो ते येसराचं पीठ घातलं. (पंजाबात येसर घालत नाहीत, हे मला कुणी सांगितलं होतं का?) वर लोण्याचा गोळा सोडला. घमघमाट सुटला, आणि साहेब दारात!

तेवढ्यात आत्याबाई मागच्या दारानं साय घेऊन आल्या. मी ती डाळीवर ओतली, बाहेरच्या खोलीत नेऊन वाढली आणि पडद्याआड उभी राहिले. साहेबांनी पहिला घास घेतला. थांबले. म्हणाले, ‘अरे वाह! वैसी तो नहीं है. लेकिन बहुत बढ़िया है!’

मी हवेत! आत्याबाईंनी पातेल्यात डोकावलं.

‘हे काळं काळं काय हाय गं?’

‘उडीद, आत्याबाई.’

‘दुकानं तर बंद. उडीद आणले कुठून?’

‘तुम्हीच तर लपवले होते लेकीसाठी. फडक्यात.’

‘अगं बया! लेकीसाठी कशाचे? ती तुझ्या नवऱ्याची साडेसाती व्हती!’

‘काय?’

‘दर शनिवारी पहाटं तू नळावर गेलीस की त्याच्यावरून उडीद उतरवते अन् शहरातल्या मारुतीला वाहून येते. ह्या बंदापायी लई शनिवार जाणंच झालं नाय. म्हणून बांधून ठेवले व्हते!’

बाहेरून आवाज आला, ‘भाभीजी, थोड़ी दाल और!’

‘नको वाढू!’ आत्याबाईंनी माझा पदर धरला. ‘परक्याचं लेकरू ते. आई तिकडं पंजाबात वाट बघत असंल, अन् हितं आपण त्याला आपली साडेसाती खाऊ घालतोय!’

‘मग आता त्यांच्यावरून उतरवा की काहीतरी!’

‘कशानं उतरवू? उडीद त्याच्या पोटात गेले!’

तरी बाईंनी हार मानली नाही. मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या, पडदा सारून बाहेर गेल्या आणि जेवत्या साहेबांवरून ओवाळू लागल्या. साहेबांना वाटलं, पाहुण्याचा मान करण्याची ही इथली रीत. त्यांनी हात जोडून डोकं पुढं केलं. चार मोहऱ्या त्यांच्या ताकात पडल्या. हे नुसते आ वासून बघत होते.

‘साब, दाल खतम!’ मी पडद्याआडून म्हटलं.

पण वाऱ्यानं पडदा उडाला आणि साहेबांना पातेलं दिसलं. साहेब खूश. ‘ये तो बहुत है! बाकी डिब्बे में दे दीजिए, कल भी खाऊँगा.’

म्हणजे रविवारीही साडेसाती! डबासुद्धा! नोकरी त्यांच्या हातात, आणि त्यांचं नशीब माझ्या पातेल्यात. हे पडदा सारून डबा शोधायला आले तशी मी पातेलं ओढलं, तिथंच फतकल मारली आणि डावानं खायला सुरुवात केली.

‘शोभा!’ हे किंचाळले. ‘अगं, साहेब बघतायत!’

‘भूक लागलीय मला!’ मी तोंडभर डाळ घेऊन म्हणाले.

आत्याबाई रडकुंडीला आल्या. ‘शोभे, तू नको गं खाऊ! म्हणजे ती पुन्हा आपल्याच घरात राहील!’

पण मी पातेलं चाटून-पुसून लख्ख केलं. साहेब हात धुऊन गेले. नोकरी गेली, असं समजून मी मनातल्या मनात कन्नडला जायचं सामानही बांधून ठेवलं होतं.

सोमवारी हे पेढे घेऊन आले. कायम झाले होते! मला हुंदकाच फुटला. ‘तरी मी म्हणत होते, साहेबांना तुमचं काम आवडतं!’

‘कामाबद्दल चकार शब्द नाही काढला त्यांनी,’ हे पडेल आवाजात म्हणाले. ‘म्हणाले, तुम्हारी बीवी बेचारी भूख से सूख गई है. मेहमान के सामने पतीला लेके बैठ गई. मुझ से देखा नहीं गया.’

आत्याबाईंच्या मते साडेसाती आता माझ्या पोटात मुक्कामाला होती. त्यामुळं पुढच्या शनिवारपासून त्या माझ्यावरून उडीद उतरवू लागल्या. आणि या भुकेनं सुकलेल्या सुनेच्या घेरावरून ओवाळायला त्यांचा हात काही पुरेना. शेवटी बिचाऱ्या दर शनिवारी माझ्याभोवती प्रदक्षिणाच घालू लागल्या!